बोटातली वर्तुळं

मसाफीच्या वर, वादीत, तीन डबकी.
एक फलजच्या तोंडाशी, बारमाही, गार.
एक कपारीच्या सावलीत.
तिसरं उघड्यावर, तापल्या तव्यासारखं.

तिन्हींत भेक एकाच जातीचे, खरखरीत पाठीचे.
मी तराजू धरते. दादकरीम गाडीत पाय वर करून झोपतो.

डॉक्टर झुबैदा शिकत होत्या तेव्हा
लांबच्या थंड डोंगरांत सॅलमँडर मोजायच्या.
खालच्या ओढ्यातले तिसऱ्या वर्षी वयात यायचे,
माथ्यावरचे सहाव्या, कधी आठव्या.
काही तर कल्ले टाकायचेच नाहीत,
पोरवयातच त्यांना पोरं व्हायची.
इथे सॅलमँडर कुठला! आम्ही भेकावर भागवतो.

तिसऱ्या डबक्यातल्यांना घाई.
पाणी करंगळीभर उरलं
की शेपूट अंगात जिरवायचं, पाय काढायचे,
चिंचोक्याएवढं होऊन तापल्या दगडावर उडी.
फलजमधली खातात, फुगतात,
मे उजाडला तरी शेपूट मिरवतात,
निघतात ती सुपारीएवढी.
कुणाचं बरोबर, याला वहीत रकाना नाही.

वय हवं तर बोटाचं एक पेर कापायचं.
पातळ चकती, जांभळा रंग, भिंगाखाली हाड:
ज्या ज्या उन्हाळ्यात वाढ थांबली
त्याची एकेक काळी रेघ.
चार रेघा, चार वर्षं.
कधी दोन रेघा एकमेकींत मिसळलेल्या असतात.
तिथे मी प्रश्नचिन्ह टाकते.

रात्री कुडाळहून रेवतीचा फोन.
तेहतिसावं लागलं तिला, तिसऱ्यांदा विषय बदलून
पुन्हा पहिल्या वर्षाला बसली आहे.
मागून आई, हिचं कधी मार्गी लागायचं गं?
माझं एकोणिसाव्या वर्षीच लागलं होतं.
शेपूट कुठे जिरलं, आता आठवत नाही.
रेवती हसते, फी किती पाठवू शकशील विचारते.
मी आकडा सांगते. जरा जास्तच सांगते.

आज सावलीच्या डबक्यात एक म्हातारा सापडला,
बावीस ग्रॅम, डोळ्यांत सोनेरी कण.
कात्री उघडली तर
पेर आधीच कुणी कापून नेलेलं.
अक्षर ओळखू यावं तसा तो काप ओळखला,
माझाच.
जुन्या वह्यांत शोधायला हवं होतं.
दादकरीमने हॉर्न वाजवला.
वयाच्या रकान्यात काहीच न लिहिता
मी त्याला पाण्याशी सोडला.
तो बराच वेळ तिथेच बसून राहिला.