काचेच्या नळ्या

दोन काचेच्या नळ्या मी लपवून ठेवते
गॉजच्या डब्यामागं, कुणाला दिसू नयेत अशा.
प्लॅस्टिकच्या शेकड्यानं येतात, त्या कामाच्या नाहीत.
साबणानं धुतलेलीही चालत नाही.
रक्ताला कोरी काच लागते
खरं काय ते सांगायला.

रात्री पावणेदहाला अंबू येडगे आली
गगनबावड्याच्या वरच्या धनगरवाड्यावरनं,
उतारभर घोंगड्याच्या झोळीत, मग दुधाच्या टेम्पोत.
सातवा महिना.
तिन्हीसांजेला शेणीच्या ढिगात हात घातलेला.
"कुकरगत फुसफुसत हुतं," सासू म्हणाली,
"आमास्नी वाटलं मांजर."

घोणस.
मनगटावर करकचून सुतळी, जखमेवर भंडारा,
आणि हिरडीच्या कडेला एक लाल रेघ,
केसाएवढी.
अंबू स्वतःचं काहीच विचारत नव्हती.
"हलंना झालंय," एवढंच.

दुसऱ्या हातातनं दोन मिली. नऊ त्रेपन्न.
नळी उभी केली, आता हात लावायचा नाही,
वाकवून बघायचं नाही, वीस मिनिटं.
आई दह्याला विरजण लावून म्हणायची तसं:
डोकावू नका गं, लागत नाही.

डॉक्टर मुजावरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं,
पोटावर यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर,
मग तिचीच मोठी, दमलेली नाडी,
आणि तिच्या मागनं, लांबून,
कळपामागं राहिलेलं करडू धावतं तसं काहीतरी.
एकशे अठ्ठेचाळीस.
अंबूनं डोळे मिटले. रडली नाही.

सासूनं मला कोपऱ्यात ओढलं.
"त्ये औषध कडक असतंय म्हणं. लेकराला बाधंल.
निम्मंच द्या."
मी काही बोलायच्या आत डॉक्टर वळले:
"आत्या, सापानं पोट बघून निम्मं विष सोडलं नाही.
आई राहिली तर बाळ राहील.
पुरतंच द्यायचं."

दहा तेरा. नळी तिरकी केली.
रक्त काचेवरनं पाण्यासारखं घसरलं.

दहा कुप्या फोडल्या. पांढरी भुकटी विरघळवताना
हिसकायचं नसतं, फेस येतो,
तळहातात घोळवायचं, वेळ नसताना सावकाश.
शेजारी ॲड्रेनलीन भरून ठेवलं, हाताला येईल असं.
"कशातनं काडत्यात ह्ये?"
"घोड्याच्या रक्तातनं, आत्या."
ती गप्प झाली. मग कपाळावरचा भंडारा बोटावर घेऊन
सलाइनच्या बाटलीला लावला.
"म्हंजी देवाच्या घरचंच."
मी पुसला नाही.

साडेअकराला अंगावर गांधी उठल्या, दात वाजायला लागले.
थेंब बंद. सुई. दोन घोंगडी. पुन्हा थेंब.
दर अर्ध्या तासानं मी बॅटरी लावून
खालचं पातळ बघत होते, डाग आहे का.
एकदा वाटलं, आहे.
हळद होती.

सव्वाचारला दुसरी नळी.
सव्वाचार ते चार पस्तीस या वेळात
मी काय केलं ते आठवत नाही,
फक्त घड्याळाचा सेकंदकाटा लाल आहे
हे पहिल्यांदा दिसलं.
पुन्हा पाणी.
पुन्हा दहा कुप्या.

घाटात अडकलेली ॲम्ब्युलन्स सहाला आली.
तिला सीपीआरला न्यायचं ठरलं.
स्ट्रेचरवरनं अंबू म्हणाली, "जातो, सिस्टर."
आमच्याकडं बायका अशाच निरोप घेतात,
जातो म्हणून.
तिसरी नळी माझ्याकडं नव्हती.

ड्यूटी संपून घरी आले. चहा ओतून घेतला, प्यायले नाही.
अकराला फोन आला. तिथली मेट्रन, तोंडात पोह्याचा घास:
"गोठलं. चांगलं घट्ट.
आणि आतलं लाथा मारतंय, माझा हात उडवला मघाशी."

सर्पदंशाच्या रजिस्टरला एका माणसाला एक ओळ.
नाव, वय, गाव, विषारी की बिनविषारी,
किती कुप्या.
आतल्यासाठी रकाना नाही.
मी संध्याकाळी जाऊन शेऱ्यात लिहिलं: १४८.
पुढं शाई जरा पसरली.

कपाटात सहा कुप्या उरल्यात.
मागणीपत्र पाठवलंय, नळ्यांचंही.
भात अजून उभंच आहे सगळीकडं,
कापणीला कुणी हात घातलेला नाही.