कोण, आणि घर कुठं

अडीचशे ओळींची लायब्ररी. तेवढीच.
तिला विचारायचं, हे खातं कुणाचं, घर कुठं.
विंडोज एक सांगतं, लिनक्स दुसरं,
मॅक तिसऱ्याच दारात नेऊन उभं करतं.
ती सगळ्यांचं ऐकून घेते
आणि उत्तर एकाच वळणाचं देते.

मला हे फार अवघड गेलं नाही.
विडी घरकुलात वाढलोय.
घरात हाक तेलुगूत, शाळेत हजेरी मराठीत,
किराणावाले शिवलिंगप्पा उधारी सांगायचे कन्नडमध्ये.
विडी कार्डावर आई अंबूबाई,
रेशनवर अंबव्वा,
बँकेत अंबम्मा नरसय्या येमूल.
तिन्ही खिडक्यांवर अंगठा मात्र तोच.

काल रात्री एक चाचणी लाल झाली.
खातं कुणीतरी पुसलेलं. नाव विचारावं तर नाव नाही,
पण त्याच्या फायली जागच्या जागी,
मालकाच्या रकान्यात नुसता आकडा: १०४७.

पलीकडच्या गल्लीत माग चालू होते.

अण्णांचा चादर कारखाना बंद पडला
तेव्हा मस्टर रद्दीत गेलं, किलोवर.
ट्रंकेतल्या एका चादरीच्या काठाला, आतून,
त्यांच्या मागाचा नंबर आहे अजून, शाईतला.
किती धुण्यांतून निघालाय.

लायब्ररी अशा जागी रिकाम्या हातानं परतायची.
मी दोन ओळी वाढवल्या:
नाव नाही सापडलं
तर नंबर तरी आण.

हिरवं झालं तेव्हा दोन वाजून गेलेले.
“पडुको रा,” आई म्हणाली,
झोपेतच, कूस बदलत.