पंपाची वही

घुवैफचा इतिहास माझ्याकडे आहे,
डिझेलचे डाग पडलेल्या वहीत.
गावानं तो लिहिला नाही.
मीही नाही, मी फक्त लिटर लिहीत गेलो.

इब्रीच्या खाली, खडीच्या सपाट माळावर
चौदा घरं, एक घाफचं झाड,
दोनशे शेरडं. उंट मोजले नाहीत.
पाणी गोड.
विहीर मुसब्बहच्या बापानं खणलेली,
नवव्या परसाला ओल लागली
तर म्हातारा वर यायलाच तयार नव्हता म्हणे.

मग शाळा. दोन खोल्या, सुदानचा मास्तर.
त्या वर्षी पंप रोज सहा तास.

मग डांबरी रस्ता आला, पण चार कोस पलीकडून,
आणि घरं एकेक करून
त्याच्याकडे चालत गेली.

"पाणी मचूळ" हे पहिल्यांदा लिहिलं
त्या संध्याकाळी शम्सानं चहा पाठवला.
खारट होता.
मी काही बोललो नाही. तीही नाही.

शेवटची नोंद: अर्धा तास.
झाडाला घातलं.
खाली सही, द. रा. शिगवण, पंपवाला.
शेजारी मुसब्बहचा अंगठा;
शाई नव्हती,
त्यानं तो चिखलात बुडवला.