घट

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात मी पावत्या फाडते.
लादी निघते तेव्हा एकशे तीस किलो,
बंदरावर टेकते तेव्हा एकशे अठरा.
मधल्या बारा किलोंसाठी एक रकाना आहे: घट.
अनित्य म्हणजे काय ते विहारात
चौथीपासून ऐकत आले,
कळलं मात्र या रकान्यात,
रोज, सही करून.

पत्ते आले ते सीझन संपता संपता.
रमिजाच्या भाड्याच्या खोलीत कुणी पाहुणी विसरून गेली.
फोन केला तर म्हणाली, टॅरोचे आहेत, राहू द्या तुमच्याकडे.
रमिजाने मासळीच्या पिशवीतून आणून दिले,
"तू शिकलेलीस. बघ, जुगाराचे हायत का जादूचे."
अठ्ठ्याहत्तरातला एक कमी होता.
कोणता, ते शोधायला तीन रात्री लागल्या.

आमच्यात असलं चालत नाही.
अण्णा शाळामास्तर. गावाने देवळात कौल लावला
की ते मुद्दाम त्याच दिवशी घराची कौलं परतायला चढत.
"उद्याचं पाकळीला विचारायचं नाही, उत्पला.
पाकळीला वारा लागतो."
म्हणून मीही पत्त्यांना उद्याचं विचारलं नाही.
एक ओढायचा,
आणि आत कोण बसलंय ते बघायचं,
चहा उकळेपर्यंत.

पहिल्यांदा आली ती अंथरुणात उठून बसलेली,
तोंड ओंजळीत, डोक्यावर नऊ तलवारी.
हिला मी ओळखते, म्हटलं.
रात्रीचे तीन. खाली बोटींची इंजिनं सुरू होतात
आणि बावीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य जागं होतं,
मोडलेल्या लग्नातल्या सासूचं.
तेव्हा कोड फक्त उजव्या मनगटावर होतं,
आठ आण्याएवढं.
आता खाडीसारखं फाटे फोडत कोपरापर्यंत चढलंय
आणि मी वैशाखातही पूर्ण बाह्यांत.
तलवारी पुन्हा मोजल्या.
एकही तिला लागलेली नाही.

पौर्णिमेला विहारात मैत्री भावना होते.
डोळे मिटून आधी स्वतःचं सुख चिंतायचं,
मग आपल्या माणसांचं, मग परक्यांचं, मग वैऱ्याचं.
मी कायम दुसऱ्या पायरीपासून चढले.
रमिजा, भाऊ, कारखान्यातलं लंगडं कुत्रं.
ती सासूसुद्धा; तिला सुखी राहा म्हणणं
मला जड गेलं नाही.
पहिली पायरी जेट्टीच्या खालच्या पायरीसारखी,
पाण्यात, शेवाळलेली.
चांगली ओहोटी लागल्याशिवाय दिसत नाही.

परवा निघाली ती तळ्याकाठची.
दोन घागरी; एक पाण्यातच रिती करते, एक जमिनीवर.
अंगावर चिंधी नाही. वर चांदण्या.
तिला कुणी बाहीचं विचारत नाही.
मग पत्ता धरलेल्या बोटांकडे लक्ष गेलं.
डागांच्या कडा नीट पाहिल्या, कदाचित पहिल्यांदाच.
गेल्या वर्षीपेक्षा थोड्या सरकल्यात,
पुढच्या वर्षी आणखी कुठे असतील.
घट, म्हटलं. रंगाची.
वजन तेवढंच आहे.
चहा उतू गेला.

मी सुखी असो, म्हणून पाहिलं.
आवाज चोरासारखा आला.
पुन्हा म्हटलं, गिऱ्हाइकाला आकडा वाचून दाखवतात तसं.
तेव्हा जरा बरा.

नसलेला पत्ता शून्याचा होता.
कड्यावर उभा पोरगा, पायाशी कुत्रं;
मोबाइलवर पाहिला.
त्याच्या जागी एक कोरी पावती दुमडून ठेवलीय.
कधी कधी तीच निघते.

चार वाजता लिलाव. टोपल्यांमागून रमिजा,
"आज कोळंबीचा दर चढंल का गं? पत्ते काय म्हणतात?"
काही म्हणत नाहीत.
"मग उपयोग काय त्यांचा?"
मला उत्तर सुचलं नाही. उकडत होतं.
बाह्या दुमडल्या. आधी डावी.
ती बघत राहिली, नको तितकी,
मग ओरडली,
"बर्फ दे गो बाय, माल तापतोय."