पात्तादा, दुपार

म्युनिकचा माणूस सुरी कानाशी धरून
उघडतो, मिटतो. टक्.
पुन्हा. टक्.
पातं हलता कामा नये, म्हणतो, केसभरही;
एका हातानं उघडावं, पोलाद गंजू नये,
मूठ मेंढ्याच्या शिंगाचीच,
आणि सगळं दोनशे युरोच्या आत.

शिंग वर्षभर सुकवावं लागतं, मी सांगते.
तो पुन्हा टक् करतो.

तेवढ्यात बाइंझू येतो, मेंढ्या उतारावर सोडून.
त्याची सुरी माझ्या आजोबांच्या हातची,
घासून घासून पातं उरलंय
गवताच्या पात्याएवढं.
"खीळ ढिली झालीय, गाविना. ठोक जरा."

म्युनिकवाला बघत राहतो,
डोळ्याचं पातं न लवता.
"विकणार?"

"मग चीज कशानं कापू?"
म्हणत बाइंझू त्यालाही देतो एक फाक.

मागच्या खोलीत शिंगं
अजून ओलीच.