बूट ठेवून जा

चाळीस मिनिटं लवकर आलीस.
हरकत नाही, बरेच जण येतात.
गेल्या हिवाळ्यात एक मुलगा साडेसहालाच आला,
हॅलिफॅक्सच्या धुक्यात इमारतीला नऊ फेऱ्या मारल्या
आणि मुलाखतीला मात्र उशिरा पोचला.

बर्फातले बूट इकडे दे, माझ्या टेबलाखाली राहतील.
पिशवीतले काळे घाल. डावी टाच झिजलीय,
बसल्यावर कुणाला दिसत नाही.
नाव? झोझेट कोमो. मेटेगनहून?
म्हणजे काळोखात सुटणारी बस, आणि पोटात काही नाही.
हे बिस्किट खा. चुरा झटक.

आता ऐक. अकरा वर्षं मी या लिफ्टसमोर बसतोय.
वरचा मजला पाहिलाय तो आगीच्या कवायतीपुरता,
पण खाली उतरणारे चेहरे वाचता येतात मला.

पाणी देतील. तहान नसली तरी घे,
अवघड प्रश्नाला एक घोट फार कामाचा.
दोघं असतील. एक हसेल, एक लिहील.
लिहिणाऱ्याला भिऊ नकोस.
परवा तोच खाली येऊन मला म्हणाला,
पेन संपलं होतं हो, नुसतं गिरवत होतो.

ऑडिटच का, विचारतील.
लहानपणापासून आकड्यांची आवड, असं सांगू नकोस,
आज तसं सांगणारी तू पाचवी ठरशील.
पगार हवाय, हेही चालतं म्हणे.
ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचा
त्यांनाही कंटाळा येतो.

मग कोडं: या शहरात रोज कॉफीचे किती कप विकले जातात?
उत्तर कुणालाच ठाऊक नाही. मोठ्याने मोज.
माणसं किती, त्यातली पिणारी किती,
घरीच पिणारी वजा कर.
मी एकदा रात्रपाळीत मोजले, एक लाख वीस हजार आले.
पुन्हा मोजले, ऐंशी हजार.
दोन्ही वेळा बरं वाटलं.

शेवटी म्हणतील, एखादा प्रसंग सांग,
खरं बोलणं जड गेलं असा. तिथे—

लिफ्ट आली. गेलीस.

पन्नास मिनिटांनी उतरलीस
तो चेहरा मला वाचता आला नाही.
बूट चढवताना, नाड्यांकडे बघत, म्हणालीस:
कॉलेजच्या प्रोजेक्टची गोष्ट पाठ केली होती,
आरशासमोर, सतरा वेळा.
तोंडातून दुसरीच निघाली.
धक्क्यावरचा वजनकाटा. शिंपल्यांच्या पेट्या.
सोसायटीच्या वहीत तीन मोसम
एकाच बोटीला पेटीमागे अर्धा किलो जास्त.
बोट बाबांची.
काटा बिघडलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं,
की होतं,
ते मी अजून विचारलेलं नाही.
वही मीच नेऊन दाखवली.
आठ दिवस बाबा बोलले नाहीत.
नवव्या दिवशी म्हणाले, मीठ दे.

लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवलं, म्हणालीस.
हे चांगलं की वाईट?

आणि हे तू मला विचारलंस.
माझ्या मुलाखतीत एकच प्रश्न होता, रात्री जागता येतं का?
हो म्हणालो.
तेही काही पूर्ण खरं नव्हतं.

म्हटलं, दहा दिवसांत फोन येतो.
नाहीतर ईमेल, तीन ओळींची,
'दुर्दैवाने' दुसऱ्या ओळीत असतं.
तू हसलीस. पहिल्यांदाच.
मग घड्याळ पाहिलंस आणि बससाठी धावलीस.

काळे बूट खुर्चीखाली राहिले.
नोंदवहीत लिहिलं: एक जोड, डावी टाच झिजलेली.
कुणाचे, त्या रकान्यात तुझं नाव.
कधी नेले, तो रकाना कोराच आहे.
खणात ठेवलेत,
आत कालचं वर्तमानपत्र कोंबून,
आकार बिघडू नये म्हणून.