पॉकेट सांगा

अशोक चौकाच्या पुढं, टॉवेलच्या गोदामावर
तीन टेबलांचा आमचा क्लब.
मी काउंटरला. मिनिटावर भाडं लिहिते.
इथं वेळ पहिल्यापासून मोजलीच जाते,
फक्त ती कुणाच्या अंगावर वाजत नव्हती.

यंदा स्पर्धा आली, आणि तिच्यासोबत
बिस्किटाच्या पुड्याएवढं घड्याळ.
लाल आकडे, तीसपासून उलटे.
दहा उरले की एक बीप,
शून्याला लांब.
मग फाऊल. पांढरा समोरच्याच्या हातात,
ठेव म्हणावं कुठंही.

नियमांचा कागद आला, तो पंख्याशेजारी चिकटवला.
दिवसभर फडफडायचा.
आमचे नियम कधी कागदावर नव्हतेच.
ब्रेकलाच काळा पडला, तर गेम त्याचा, वर चहाही.
पांढरा पडला तर सात रस्त्याची पोरं रेषेमागून एक शॉट द्यायची,
पूर्व भागात दोन.
कुंभारीची म्हणायची,
शेवटचा रंग ज्या पॉकेटात, काळाही त्यातच;
त्यावरून एकदा खडू फेकून मारले होते एकमेकांना.
लाईट गेली की मीटर बंद.
अंधारात बोलत बसलेली मिनिटं
मी लिहिली नाहीत.
आणि भाडं हरणाऱ्यानं भरायचं,
एवढं मात्र तिन्हीकडं सारखं.

अंबादास येमूल, वय एकसष्ट.
चाळीस वर्षं मागावर, आता कान थोडे कमी.
खेळायच्या आधी टेबलाला एक फेरी,
मग कापडावरून उलटा हात.
"इथं सूत ढिलं हाय," म्हणाले होते;
मिस्त्रीला ते तीन महिन्यांनी सापडलं.
बॉल बघत नाहीत हो ते,
बॉल जिथून जाणार ती वाट बघतात,
आणि त्याला वेळ लागतो.

समोर लातूरचा जुनेद पटेल, वय एकोणीस,
डाव्या हाताला तीन बोटांचा मोजा.
अकरा सेकंदांत शॉट, बाराव्याला पुढच्या जागी उभा.
पोरगं चांगलं. आधी पाया पडला होता त्यांच्या.

घड्याळाचं बटण माझ्याकडं होतं.
पहिल्या दोन फ्रेमला बीप त्यांना ऐकूच आला नाही,
तिसरीला मी टेबलावर टिचकी मारायला लागले.
रेफरी म्हणाले, असं चालत नाही, मॅडम.
मग हात मांडीखाली घेऊन बसले.

चार-चार.
पट्टेरी सातही गेले.
काळा मधल्या पॉकेटच्या तोंडाशी, जरा आत.
अंबादासकाकांनी एक्स्टेन्शन मागितलं,
ते एकदाच मिळतं,
आणि त्या वाढीव तीस सेकंदांत
काठावरचा एक धागा नखानं उचलला,
फुंकर मारून बाजूला केला.
दहा.
खाली वाकले.
सात. सहा.
काळा गेला, आवाज न करता,
टॉवेल घडी घालून ठेवावा तसा.

टाळ्या सुरू झाल्या होत्या.
रेफरींनी हात वर केला.
"नियम अकरा. काळ्याला पॉकेट तोंडानं सांगायचं.
तुम्ही सांगितलं नाही."
मी कागदाकडं पाहिलं. होतं तसंच.
जुनेद म्हणाला, सर, दुसरं पॉकेट होतं कुठं?
रेफरी म्हणाले, तुला जिंकायचं नाही का?
त्यावर तो गप्प बसला. एकोणीस वर्षांचा होता.

काकांना दोनदा समजावून सांगावं लागलं.
मग म्हणाले,
"दिसत होतं की समद्यांना.
सांगायचं कुणाला?"
हसले नाहीत, चिडलेही नाहीत.
क्यूचे दोन भाग वेगळे केले, पुसले.

जाताना काउंटरला थांबले, पाकीट काढलं.
स्पर्धेला भाडं नसतं, काका.
"हरला त्यानं भरायचं," म्हणाले. "किती मिनिटं झाली?"

मी वही उघडली.
वहीत काही नव्हतं.
घड्याळाकडं पाहिलं तर ते परत तीसवर येऊन थांबलेलं,
त्याला बाकीचं काही आठवत नाही.